कोल्हापूरच्या मेस्त्रींचा कॅमेरा : लेथवर बसून समजून घेतलेले बाबूराव पेंटर

मी फुलसावंगीचा. यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यात आमचं गाव. माझं छोटं वर्कशॉप आहे. एक जुना लेथ, एक वेल्डिंग मशीन, ड्रिल, ग्राइंडर, आणि ट्रॅक्टरच्या सीझनमध्ये श्वास घ्यायलाही फुरसत नाही. गावातले तीन-चार पोट्टे संध्याकाळी येऊन बसतात. त्यांना शिकायचं असतं, पण त्याहून जास्त मोबाइलवर गाड्या बघायच्या असतात.

मागच्या उन्हाळ्यात त्यांना फास्ट अँड फ्युरियसमधल्या काळ्या डॉज चार्जरचं वेड लागलं. १९७० चं मॉडेल, बॉनेटमधून वर आलेला तो चकचकीत ब्लोअर, पुढची चाकं हवेत. ही कशी बनवली, आपल्याला बनवता येईल का, हाच एक धोशा. मी शोधून सांगितलं की २००१ च्या पहिल्या भागातल्या गाडीवरचा तो ब्लोअर चालू नव्हताच, नुसता दाखवायला बसवला होता. पोरांचे चेहरे पडले. मग बुलिट सिनेमातल्या १९६८ च्या मस्टँगचं सांगितलं. ती खरी पळवली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर उड्या मारून तिचं कंबरडं मोडू नये म्हणून मॅक्स बालचोस्की नावाच्या मेकॅनिकनं तिचं सस्पेन्शन आणि आधार मजबूत केले होते. हे ऐकून जरा समाधान झालं.

पण त्यातला एक जण, सगळ्यात कमी बोलणारा, त्यानं विचारलं की गाडी तर कळली काका, पण ती ज्याच्यातून काढली ते मशीन कसं असतं. आपल्याकडं ते कोणी बनवलं का?

बनवलं होतं. कोल्हापुरात, १९१८ साली. बनवणाऱ्या माणसाचं आडनावच मेस्त्री होतं. हा लेख त्या माणसाबद्दल आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो

आमच्या गावाचं नाव तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. २०२१ च्या ऑगस्टमध्ये इथल्या एका तरुण वेल्डरनं मारुतीचं इंजिन लावून स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेतली. त्यात पात्याचा अपघात झाला आणि तो गेला. देशभर बातमी झाली. त्या पोराच्या हातातल्या कसबाबद्दल मी इथं काही बोलणार नाही, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण तेव्हापासून माझ्या दुकानात कोणी पोरगा कागदावर काहीबाही चित्र काढून आणतो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. त्याला हो म्हणायचं की घरी पाठवायचं? चार वर्षं हा प्रश्न घेऊन फिरतोय. बाबूराव पेंटर मी वाचायला घेतले ते त्यासाठीच. शाळा-कॉलेजचा आधार नसताना, खेड्यावजा शहरात बसून, जगात मोजक्या कंपन्या करत होत्या ते यंत्र या माणसानं चालू करून दाखवलं. कसं केलं, ते मला बघायचं होतं.

पडदे रंगवणारे भाऊ

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणं कारागिरांचं. चित्रकला, मूर्तिकाम हे त्यांनी कुठल्या आर्ट स्कूलमध्ये शिकलं नाही, घरात आणि हातानं शिकले. नात्यातला भाऊ आनंदराव हा तसाच. दोघं मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शचेही. या कामामुळंच लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागं पडलं.

पडदा रंगवणं म्हणजे काय, ते आजच्या पोरांना सांगावं लागतं. सपाट कापडावर राजवाडा काढायचा आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला तो खोल दिसला पाहिजे. प्रकाश कुठून येतो, सावली कुठं पडते, खांब दूर जाताना किती बारीक होतो, हे सगळं डोळ्यात मुरावं लागतं. पुढं सिनेमा काढताना बाबूरावांनी हेच पडदे टाकून दिले आणि खऱ्या लांबी-रुंदी-खोलीचे सेट उभे केले. ज्याला खोटी खोली काढता येते त्यालाच खऱ्या खोलीची किंमत कळते, असं मला वाटतं.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र आला. फाळके १९१२ ला लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले होते. आनंदराव आणि बाबूराव यांना सिनेमाचं वेड लागलं. त्यांनी प्रोजेक्टर मिळवला, विलायती चित्रपट लोकांना दाखवले. पण दाखवणं वेगळं आणि काढणं वेगळं. काढायला कॅमेरा लागतो. त्याची किंमत नाटकाचे पडदे रंगवणाऱ्याच्या आवाक्यातली नव्हती, आणि १९१४ ला महायुद्ध पेटल्यावर विलायतेतून माल येणंही अवघड झालं. मग ठरलं, आपणच बनवू.

दोघं भाऊ त्यामागं लागले. आणि १९१६ मध्ये आनंदराव वारले. कॅमेरा झाला नव्हता.

डब्याच्या आत काय असतं

इथं थांबून यंत्र समजून घेऊ, नाहीतर त्या माणसानं काय केलं हे कळणारच नाही.

मी लहान असताना जत्रेत टुरिंग टॉकीज यायची. तंबूच्या मागं फिल्मचे तुटके तुकडे पडलेले असायचे, ते आम्ही वेचायचो. उजेडात धरलं की एकाखाली एक सारखीच चित्रं. दोन्ही कडांना चौकोनी भोकं. मी मोजली होती, एका चित्रामागं एका बाजूला चार भोकं. ३५ मिलिमीटर रुंदीची ही पट्टी, आणि एक चित्र ते दुसरं चित्र अंतर १९ मिलिमीटर.

मूकपटाच्या काळात साधारण सेकंदाला १६ चित्रं घ्यायचे. १६ गुणिले १९, म्हणजे ३०४ मिलिमीटर. सेकंदाला एक फूट फिल्म. ऐकायला हे सोपं वाटतं. दोरी ओढावी तशी ओढत राहायची. पण तसं केलं तर सगळं चित्र फराटा मारल्यासारखं येईल. फोटो घ्यायचा तर फिल्म उभी राहिली पाहिजे. म्हणून ती पट्टी सरकते, थांबते, फोटो होतो, पुन्हा सरकते, पुन्हा थांबते. सेकंदाला १६ वेळा. आणि सरकत असताना आत उजेडाचा कणही जाता कामा नये.

शिलाई मशीन बघा. सुई खाली असते तेव्हा कापड थांबलेलं असतं. सुई वर गेली की खालचे दाते वर येतात, कापडाला धरून एक टाका पुढं नेतात आणि खाली बुडून मागं येतात. कॅमेऱ्यातही असाच एक पंजा असतो. तो फिल्मच्या भोकात शिरतो, बरोबर १९ मिलिमीटर खाली ओढतो, बाहेर निघतो, रिकामाच वर जातो. ही चौकोनी हालचाल गोल फिरणाऱ्या हँडलकडून करून घ्यायची असते आणि ते काम एक कॅम करतो, म्हणजे वाकड्या आकाराची चकती. पंजा ओढत असताना भिंगामागं अर्धी कापलेली दुसरी चकती फिरत येऊन उजेड अडवते, तिला शटर म्हणतात. अर्धा वेळ बंद, अर्धा वेळ उघडं, म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड मिळतो सेकंदाचा बत्तिसावा भाग.

आणखी एक भानगड आहे. वरच्या डब्यातून फिल्म एकसारखी येते, खालच्या डब्यात एकसारखी जाते, आणि मधे मात्र झटके खाते. मग ती तुटत का नाही? कारण पंजाच्या वर आणि खाली फिल्मचा एकेक सैल झोळ सोडलेला असतो. झटका तो झोळ पितो. झोळ संपला की फिल्म फाटलीच म्हणून समजा.

आता मापाचं बघा. चित्राची रुंदी साधारण २४ मिलिमीटर. ते पावणेपाच-पाच मीटरच्या पडद्यावर टाकलं म्हणजे झालं २०० पट मोठं. पंजा जर एका चित्राला १९ आणि पुढच्याला १९.१ मिलिमीटर ओढत असेल तर पडद्यावर राजवाडा दोन सेंटिमीटर उडी मारतो, आणि हे सेकंदाला १६ वेळा. दहावा भाग मिलिमीटर म्हणजे साधारण आपल्या वहीच्या एका कागदाची जाडी. माझ्या लेथवर ट्रॅक्टरचा बुश कातताना इतकी चूक झाली तर गिऱ्हाइकाला कळतही नाही. (माझी गिऱ्हाइकं हे वाचत असतील तर त्यांनी मनावर घेऊ नये.)

याशिवाय डब्यात उजेड शिरता कामा नये, फिल्म जिथं दाबून धरतात तिथं खरखरीतपणा चालत नाही नाहीतर ओरखडे, आणि हँडल फिरवताना तिवईवर डबा हलता कामा नये. त्या काळी बहुतेक कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्याला आठ चित्रं पडायची. सेकंदाला दोन फेरे, एकसारखे, हातानं. कॅमेरामन मनात ताल धरायचे. हळू फिरवलं, समजा सेकंदाला १२ चित्रं, आणि दाखवताना १६ नं दाखवलं, तर घोडा सव्वापटीहून जोरात पळतो. पोरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की गाडीच्या पळण्यातही बरंचसं श्रेय कॅमेऱ्याचं असू शकतं.

दामले

आनंदराव गेल्यावर बाबूरावांना जोडीला मिळाले विष्णुपंत गोविंद दामले. जन्म १८९२ चा, मूळचे पेणकडचे. बाबूरावांकडं डोळा होता, दामल्यांकडं यंत्राचा हात. मला ही जोडी या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची बाब वाटते, आणि बाबूरावांवरच्या लिखाणात तिला दोन ओळींच्या वर जागा मिळत नाही.

विचार करा. पंजाचा दात भोकापेक्षा किंचित बारीक हवा. जास्त बारीक झाला तर चित्र डुगडुगतं, जाड झाला तर भोक फाटतं. कॅमची कड हाताच्या कानशीनं घासून आणायची तर एका बैठकीत ती होत नाही. घासायचं, बसवायचं, फिरवायचं, काढायचं, पुन्हा घासायचं. आणि बरोबर झालं की नाही हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फिल्म घालून फिरवा, अंधारात धुवा, वाळवा, तिच्यावरून दुसरी फिल्म छापा, प्रोजेक्टरवर लावा, तेव्हा कुठं कळणार की चित्र उडतंय. त्या काळी कच्च्या फिल्मला भोकंही पुष्कळदा आपली आपणच पाडावी लागत, तेव्हा दोष पंजाचा की भोकांचा, हे शोधायचं ते निराळंच. एक चूक शोधायला पूर्ण फेरा.

पण प्रत्येक फेऱ्यात वाया जात होती ती फिल्म आणि पैसा. जीव नाही. मी हे वाचताना माझ्या गावाचा विचार करत होतो, तो का ते तुम्हाला कळलं असेल. कॅमेरा चुकला तर तो चुकलेलं चित्र तुमच्या हातात ठेवतो आणि तुम्ही पुन्हा बसता. जोरात फिरणारं पातं चुकलं तर दुसरा फेरा मिळेलच असं नाही.

१९१८ साली कॅमेरा चालला. आनंदराव जाऊन दोन वर्षं झाली होती. भारतात बनलेला पहिला सिनेमा कॅमेरा म्हणून त्याची ओळख आहे.

कंपनी

याच सुमारास कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. पैसा दिला गायिका तानीबाई कागलकर यांनी. त्या काळच्या एका गाणाऱ्या बाईनं, कुठल्या शेठ-सावकारानं नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. छत्रपती शाहू महाराजांचा आधार होता. दामल्यांबरोबर शेख फत्तेलाल आले, कागलचे, तेही चित्रकार. थोड्या काळानं शांताराम वणकुद्रे नावाचा एक पोरगा पडेल ते काम करायला आला. तोच पुढचा व्ही. शांताराम.

१९२० ला सैरंध्री आला. कीचकवधाचं दृश्य इतकं अंगावर येणारं झालं की लोक घाबरले आणि सेन्सॉरनं ते कापायला लावलं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टिळक गेले. सिनेमात काम करणाऱ्या बायकांकडं समाज फार वाईट नजरेनं बघत होता, तरी बाबूरावांनी स्त्रियांच्या भूमिका बायकांनाच दिल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी ते धाडस केलं.

बाबूरावांची काम करायची रीत मला फार आवडते. चित्रीकरणाच्या आधी ते प्रसंग कागदावर काढून ठेवायचे. पात्र कसं उभं राहील, कपडे कोणते, चेहऱ्यावर काय. आज याला स्टोरीबोर्ड म्हणतात आणि त्याची सॉफ्टवेअर विकत मिळतात. १९२३ च्या सिंहगडमध्ये त्यांनी कृत्रिम दिव्यांच्या उजेडात चित्रीकरण केलं. तोवर सिनेमा म्हणजे सूर्याची नोकरी होती, ढग आला की सुट्टी. त्या सिनेमाला इतकी गर्दी लोटली की सरकारच्या महसूल खात्याचं लक्ष गेलं, आणि करमणूक करामागं ही गर्दीच होती असं सांगतात. १९२४ चा कल्याण खजिना इंग्लंडमध्ये वेम्ब्लीच्या प्रदर्शनात गेला आणि पदक घेऊन आला. त्याचं पोस्टर बाबूरावांचंच, आणि ते आजही बघायला मिळतं.

१९२५ ला आला सावकारी पाश. नारायण हरी आपट्यांची कथा. शेतकरी सावकाराच्या कर्जात जमीन घालवतो आणि शहरात गिरणीमजूर होतो. शेतकरी झाला होता शांताराम. देवादिकांचे सिनेमे चालत होते त्या काळात हा विषय. तो काही फार चालला नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बसून हे वाचताना जरा अडखळायला होतं. शंभर वर्षं झाली, कापसाच्या भावाचं आणि व्याजाचं बोलणं माझ्या दुकानाच्या ओट्यावर आजही रोज चालतं. १९३६ ला बाबूरावांनी हाच विषय पुन्हा बोलपटात केला. माणसाला तो सोडवत नव्हता, इतकं त्यावरून दिसतं.

जोडी फुटली

बाबूराव हळू काम करायचे. मनाजोगतं होईपर्यंत थांबायचे. कॅमेरा बनवताना हा गुण होता, कंपनी चालवताना अडचण झाली. भागीदारांत कुरबुरी होत्या. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ ला प्रभात पुण्याला गेली. दामले-फत्तेलालांचा १९३६ चा संत तुकाराम व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. ज्या हातांनी कानस चालवली ते हात आता दिग्दर्शक म्हणून जगात ओळखले जात होते.

महाराष्ट्र फिल्म कंपनी १९३१ च्या आसपास बंद पडली. त्याच वर्षी आलम आरा आला आणि सिनेमा बोलू लागला. मूकपटाचा हातानं फिरवायचा कॅमेरा एका झटक्यात जुना झाला. आवाज धरायचा तर वेग अचूक हवा, सेकंदाला २४ चित्रं, मोटरवर. शिवाय मोटरचा आणि पंजाचा खडखडाटही बंद करायचा.

बाबूराव मग बरेचसे चित्रकलेकडं आणि शिल्पाकडं परतले. मधूनमधून सिनेमे केले. १९४७ चा लोकशाहीर रामजोशी त्यांचा, आणि तो काढला होता शांतारामांनी. कधीकाळी पडेल ते काम करायला आलेल्या पोरानं. १६ जानेवारी १९५४ ला बाबूराव गेले. त्यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. ती फिल्म नायट्रेटची, पेट घेणारी, कुजणारी. सैरंध्रीची फक्त वर्णनं उरलीत. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभारलाय. गेलात तर पाच मिनिटं थांबा.

आमच्या दुकानातली प्रगती

हे सगळं पोरांना मी तीन-चार संध्याकाळी मिळून सांगितलं. ज्यानं प्रश्न विचारला होता तो दुसऱ्या दिवशी आजीचं मोडकं शिलाई मशीन सायकलला बांधून घेऊन आला. पंजा बनवायचा म्हणाला. यावेळी पोटात गोळा आला नाही. मी दोन अटी घातल्या. हँडल हातानंच फिरवायचं, मोटर नाही. आणि काम जोडीनं करायचं, एकानं घासायचं, दुसऱ्यानं मोजायचं.

खरी फिल्म आम्हाला मिळाली नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या फाइल कव्हरच्या ३५ मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या आणि त्यांना भोकं पाडली. पहिल्या पंजानं भोकं फाडली. दुसरा भोकात शिरलाच नाही. तिसरा पाच चित्रं नीट ओढतो, सहाव्याला घसरतो. व्हर्नियरनं मोजलं तेव्हा निघालं की दोष पंजाचा नव्हताच, सहावं भोकच अर्धा मिलिमीटर खाली पडलंय. आता भोकं पाडायची डाय नवीन करायला घेतली आहे. काळ्या चार्जरचं नाव गेले दोन आठवडे कोणी काढलेलं नाही.